राफा गप्प बसला असता का?

पत्र थोडक्यात असं: पार्ल्याचे एक बाबा लिहितात. मुलगी १३ वर्षांची, चार वर्षं टेनिस शिकते, अंडर-१४ च्या स्पर्धा खेळते. तिच्या खोलीत राफाएल नदालचं, म्हणजे तिच्या राफाचं, पोस्टर आहे. शेजारी फेडररच्या निरोपाच्या रात्रीचा फोटो, दोघं हातात हात धरून रडताहेत तो. गेल्या महिन्यात दक्षिण मुंबईतल्या एका स्पर्धेत क्वार्टरफायनलला समोरच्या मुलीनं आत पडलेले ‘निदान चार’ बॉल आउट दिले. ही एक शब्द बोलली नाही. उलट पुढे आपल्या बाजूला पडलेला एक बॉल, जो बाबांच्या मते बाहेर होता, तो तिनं आत धरला. दुसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये मॅच गेली. बाबा गेटवर त्या मुलीच्या वडिलांना नको ते बोलले आणि चर्चगेटहून परतताना लोकलमध्ये लेकीला म्हणाले, ‘पुढच्या वेळी तूही दोन खा, हिशेब बरोबर होतो.’ ती म्हणाली, ‘राफा असं करेल का?’ तेव्हापासून घरात टेनिस हा विषय बंद आहे. येत्या शनिवारची स्पर्धा खेळायची नाही म्हणते. कोच म्हणतात, ‘चालायचंच.’ बाबांचा प्रश्न: या आदर्शांच्या नादानं पोरगी मऊ पडली का? पोस्टर काढू, चीटिंगला चीटिंग शिकवू, की खेळच बदलू?

नमस्कार,

तुमच्या पत्रात ‘सज्जनपणा’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. मुलगी सज्जनपणापायी हरली, हे तुम्ही धरूनच चालला आहात. मला तिथेच थोडं थांबावंसं वाटतं, कारण त्या मॅचमध्ये दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आणि तुम्ही दोन्हींना एकच नाव दिलंत. आपल्या बाजूला पडलेला, खात्री नसलेला बॉल तिनं आत धरला. ही खिलाडूवृत्ती, शिवाय तो नियमही आहे. समोरून शंकास्पद कॉल आले आणि ती गप्प राहिली. ही भीड. भीड भिकेची बहीण, हे आपल्याकडचं जुनं बोलणं टेनिसच्या कोर्टवर शब्दशः खरं ठरतं.

या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की तुमचा प्रश्न बराच सोपा होतो. पहिलीला हात लावू नका. दुसरी शिकवावी लागेल, आणि ती बॅकहँडसारखीच शिकवता येते.

आधी नियम. ज्या सामन्यांना खुर्चीतला पंच नसतो, त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची ठरलेली कार्यपद्धती आहे आणि ज्युनियर स्पर्धा साधारण त्याच धर्तीवर चालतात. प्रत्येकीनं जाळ्याच्या आपल्या बाजूचे कॉल द्यायचे. ‘आउट’ किंवा ‘फॉल्ट’ लगेच आणि समोरच्या मुलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचं. शंका असेल तर बॉल आत. ‘मला दिसला नाही, पॉइंट पुन्हा खेळू’ असं म्हणता येत नाही. न दिसलेला बॉल आतच असतो. ‘आउट’ म्हटल्यावर चूक लक्षात आली तर हार्ड कोर्टवर पहिल्या खेपेला पॉइंट पुन्हा खेळतात, पण समोरच्या मुलीचा तो शॉट पॉइंट जिंकून देणाराच असेल किंवा ही दुसरी खेप असेल तर आउट म्हणणारीचा पॉइंट जातो. म्हणजे तिनं तो बॉल आत धरला त्यात औदार्य नव्हतं. तिनं पंचाचं काम नीट केलं. तुम्ही त्याला दान समजलात म्हणून ते खुपलं.

आता ते ‘निदान चार’ बॉल. तुम्ही कुठे उभे होता? बहुतेक पालक आपल्या मुलाच्या मागच्या जाळीपाशी असतात. तिथून समोरची बेसलाइन, म्हणजे कोर्टची मागची रेषा, जवळजवळ ३० मीटरवर येते: कोर्टची लांबी २३.७७ मीटर, शिवाय मागची मोकळी जागा. बॉल लाइनच्या ५ सेंटिमीटर बाहेर पडला, तर तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरून ती फट तुम्हाला जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीची दिसते. तीस मीटरवरून अडीच मिलिमीटर! लाइनच्या रेषेत उभ्या असलेल्या माणसाला ती स्वच्छ दिसते, पण लाइनकडे आडवं, समोरून बघणाऱ्याला नाही. तुमची मुलगीही त्याच आडव्या बाजूला होती. आणि हे फक्त पालकांचं नाही. मोठ्या स्पर्धांत खेळाडूंना हॉक-आयकडे (कॅमेऱ्यांनी बॉलची जागा दाखवणाऱ्या यंत्रणेकडे) दाद मागता यायची, तेव्हा दहांतली साधारण तीनच आव्हानं बरोबर निघत. जगातले सर्वांत तयार डोळे, तेही बहुतेकदा चुकत होते.

त्या मुलीनं एकही बॉल खाल्ला नाही, असं माझं म्हणणं नाही. खाल्ले असतील. तेराव्या वर्षी, ५-५ ला, घरचे कुंपणाला टेकून बघत असताना डोळ्याला जे हवं तेच दिसतं, आणि काही मुलं सरळसरळ खोटंही बोलतात. पण चारांतले किती खरे, हे तुम्हाला माहीत नाही, तुमच्या मुलीलाही नाही. म्हणून जो उपाय शिकवायचा तो असा हवा, की समोरची प्रामाणिक असली तरी तिचा अपमान होऊ नये आणि नसली तर तिचं फावू नये.

‘तूही दोन खा’मध्ये हे होत नाही. त्यातली नीतीची बाजू तुमच्या लेकीनं सांगितलीच आहे, मी व्यवहाराची सांगते. खोटा कॉल द्यायलाही सराव लागतो. बॉल कुठे पडला ते बघायचं, तो खायचा का ठरवायचं, तोंड सरळ ठेवायचं, आणि त्याच क्षणी पाय लावून शॉटही तयार ठेवायचा. सवय नसलेल्या मुलीचा हात आखडतो. ती अर्धवट ‘आउट’ म्हणते आणि अर्धवट बॉल परत मारते. पुढे रेफरीकडे (सगळ्या कोर्टांवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जायची वाटही बंद होते, कारण दोघी एकमेकींकडे बोट दाखवू लागल्या की रेफरीच्या लेखी दोघी सारख्याच. शिवाय मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे या पट्ट्यात मुलींच्या अंडर-१४ चं वर्तुळ किती मोठं आहे? ड्रॉमध्ये, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्या यादीत, त्याच त्या मुली पुन्हा पुन्हा भेटतात. ‘ही लाइन खाते’ असं एकदा नाव पडलं की ते अंडर-१८ पर्यंत पाठ सोडत नाही. डबल्सला जोडीदार मिळणं कठीण होतं, आणि खरा कॉल दिला तरी समोरची रेफरी बोलावते.

मग करायचं काय? क्रम साधा आहे, पण तो आधी पाठ हवा. मॅचच्या तापात नवं काही सुचत नाही.

पहिला शंकास्पद कॉल आला की तिनं जागेवर थांबायचं. बॉल उचलायला वळायचं नाही, पुढच्या पॉइंटसाठी चालू लागायचं नाही. रॅकेट खाली, नजर समोरच्या मुलीकडे, आणि एकदाच, सपाट आवाजात: ‘आर यू शुअर?’ कोर्टवर मुलं याच भाषेत बोलतात, तर सरावही याच शब्दांचा हवा. ‘हो’ म्हणाली तर पॉइंट तिचा, वाद नाही. या प्रश्नानं कॉल क्वचितच बदलतो. त्याचा उपयोग पुढच्या कॉलला होतो, कारण आपल्याकडे लक्ष आहे हे समोरच्या मुलीला कळलेलं असतं. नुसतीच घाईत असेल, तर तीही जरा नीट बघू लागते.

दुसऱ्या कॉलनंतर, फार तर तिसऱ्या, रेफरी. इथे मुलं दोन चुका करतात. एक, उशीर. चार पॉइंट गेल्यावर, ५-५ ला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर थांबायचं आणि मग हाक मारायची. गेलेले पॉइंट परत येत नाहीत. रेफरी त्या वेळी तिथे नव्हता, तर न पाहिलेला कॉल तो बदलू शकत नाही. दुसरी चूक शब्दांची. ‘शी इज चीटिंग’ म्हटलं की रेफरीला निवाडा करावा लागतो, आणि पुरावा नसल्यानं तो ‘दोघी नीट खेळा’ एवढंच सांगून निघून जातो. त्याऐवजी तिनं म्हणायचं, ‘सर, लाइन कॉल्सबद्दल मला शंका आहे, थोडा वेळ आमच्या कोर्टवर थांबाल का?’ यात आरोप नाही, मागणी आहे, आणि ती त्याला पुरी करता येते. तो कोर्टवर उभा असताना ढळढळीत चुकीचा कॉल झाला तर तो बदलू शकतो, आणि मग पॉइंट चुकीचा कॉल देणारीचा जातो. बहुतेकदा तितकी वेळच येत नाही. तो येऊन उभा राहिला की बॉल आपोआप लाइनवर पडू लागतात.

लहान स्पर्धेत पाच-सहा कोर्टांना मिळून एक रेफरी आणि एखाद-दुसरा मदतनीस असतो. तो दहा मिनिटांनी दुसऱ्या कोर्टवर जाईल. मग पुन्हा सुरू झालं तर? पुन्हा बोलवायचा. ‘सारखी सारखी कशी बोलावू’ हीच ती भीड. आपण घरात मुलांना मोठ्यांना उलट बोलायचं नाही असं शिकवतो, आणि कोर्टवर टोपीतल्या काकांना बोलवायला तिचा हात वर होत नाही, यात नवल नाही. तिला सांगा, रेफरीला बोलावणं हे उलट बोलणं नव्हे. तो त्याच कामासाठी तिथे बसलेला आहे.

मातीचं कोर्ट असेल तर काम सोपं. बॉलचा ठसा उमटतो. त्या शॉटवर पॉइंट संपला असेल, किंवा तिनं तिथेच खेळ थांबवला असेल, तर ती ठसा दाखवायला सांगू शकते आणि बघायला जाळ्याच्या पलीकडे जाऊही शकते. समोरच्या मुलीनं पायानं ठसा पुसला तर कॉल हिच्या बाजूनं जातो. ठशावर एकमत झालं नाही तर रेफरी, आणि त्याचा शब्द अखेरचा. फक्त ठसा कुठला यात घोळ होतो, म्हणून बॉल पडल्यापासून त्या जागेवरची नजर हलवायची नाही.

लाइनपेक्षाही जास्त भांडणं स्कोअरवरून होतात. सर्व्ह करणारीनं प्रत्येक पॉइंटआधी स्कोअर मोठ्यानं म्हणायचा असतो. निम्म्या मुली पुटपुटतात. तुमची मुलगी सर्व्ह करत नसली तरी तिनं तो मोठ्यानं परत म्हणावा. वाद झालाच तर दोघींना मान्य असलेले पॉइंट कायम राहतात आणि वादातलाच पॉइंट पुन्हा खेळतात. एक म्हणते ४०-३०, दुसरी म्हणते ३०-४०, आणि भांडण फक्त पहिल्या पॉइंटचं असेल, तर ३०-३० पासून सुरू. हे माहीत असलेली मुलगी अर्ध्या मिनिटात वाद मिटवते. माहीत नसलेली ‘जाऊ दे’ म्हणते आणि एक पॉइंट देऊन बसते.

आता पत्रात नसलेली एक गोष्ट. टायब्रेकपर्यंत गेलेल्या मॅचमध्ये शंभरावर पॉइंट होतात. चार पॉइंटनी मॅच फिरू शकते, नाकारत नाही. पण प्रत्येक वाईट कॉलनंतरच्या तीन पॉइंटांत काय झालं, ते तिला (आत्ता नव्हे, महिन्याभरानं) आठवायला सांगा. बहुधा एक डबल फॉल्ट, एक रागानं सपाट मारून जाळ्यात घातलेला फोरहँड. खाल्लेला बॉल एक पॉइंट नेतो आणि त्याची चरफड तीन नेते. दोन पॉइंटांमध्ये २५ सेकंद मिळतात. ती वापरायची कशी हे ठरलेलं हवं: जाळ्याकडे पाठ करायची, चालत मागच्या कुंपणापर्यंत जायचं, टॉवेलनं हात आणि ग्रिप पुसायची (मुंबईच्या घामात हे तसंही लागतंच), रॅकेटच्या तारांकडे बघत दोन लांब श्वास, मग पुढचा सर्व्ह कुठे मारायचा एवढंच ठरवून वळायचं. बाजू बदलताना ९० सेकंद असतात. तेव्हा खुर्चीवर बसायचं, पाणी प्यायचं, कुंपणाकडे बघायचं नाही. कुंपणापाशी तुम्ही असता, आणि तुमचा चेहरा तिला वाचता येतो.

डावपेचाचीही एक गोष्ट. लाइन खाणाऱ्या खेळाडूविरुद्ध लाइनवर खेळू नये. लक्ष्य एक रॅकेट आत ओढायचं, म्हणजे २७ इंच, सत्तरएक सेंटिमीटर. उंच, फिरकी दिलेले, खोल, मधोमध पडणारे बॉल कुणालाही आउट देता येत नाहीत. ‘माझा चांगला शॉट तिनं खाल्ला’ म्हणणारी मुलगी हट्टानं पुन्हा त्याच कोपऱ्यात मारते. हा हट्ट समोरच्या मुलीच्या फार सोयीचा असतो.

याचा सराव कोचनी घ्यायला हवा. ‘चालायचंच’ म्हणणाऱ्या कोचला विचारा, आठवड्यात वीस मिनिटं द्याल का? बेसलाइनच्या आसपास तीस बॉल टाकायचे. मुलीनं लगेच मोठ्यानं कॉल द्यायचा, दुसऱ्या मुलीनं लाइनच्या रेषेत उभं राहून खरा कॉल सांगायचा, आणि किती जुळले ते मोजायचं. पहिल्या दिवशीचा आकडा बघून मुलं खजील होतात, आणि समोरचीला चोर म्हणायची घाई कमी होते. मग एक सराव सेट असा, की त्यात एका मुलीला गुपचूप सांगून ठेवायचं, तीन चुकीचे कॉल दे. तुमच्या मुलीनं थांबायचं, विचारायचं, ‘रेफरी’ म्हणून हात वर करायचा. हे घरीही होतं. दिवाणखान्यात तुम्ही ‘आउट’ म्हणा, तिनं दहा वेळा तेच वाक्य म्हणायचं. तिसऱ्या वेळी दोघांना हसू येईल. येऊ द्या, दहा पुरे करा.

आता ते पोस्टर. तिच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत, आणि प्रश्न चांगला आहे.

राफा असं करेल का? खोटा कॉल देऊन पॉइंट घेणार नाही, हे तिचं बरोबर. व्यावसायिक कारकिर्दीत त्यानं रागानं एकही रॅकेट तोडली नाही. काका टोनी त्याचे कोच होते आणि रॅकेट तोडली तर शिकवणं बंद, अशी त्यांची अट होती. पण राफा गप्प बसला असता का? मुळीच नाही. वेळ जास्त घेतल्याबद्दल पंच ताकीद देत, तेव्हा तो त्यांच्याशी हुज्जत घालायचा. २०१५ मध्ये तर एका पंचाला काही काळ आपल्या सामन्यांवर नेमू नये, अशी मागणी त्यानं रीतसर केली होती. ती योग्य होती का, यावर दुमत असू शकतं. मुद्दा असा, की पोस्टरवरचा माणूस मऊ नाही. तुमच्या मुलीनं त्याचा अर्धाच भाग उचललाय, आणि तुम्हाला तो अर्धा भाग म्हणजेच सगळा राफा वाटला. राहिलेला अर्धा तिला दाखवा.

शेजारच्या फोटोतला फेडररसुद्धा जन्मतः शांत नव्हता. कुमारवयात तो रॅकेटी फेकायचा. सरावकेंद्रातला नवा पडदा रॅकेट फेकून फाडला म्हणून त्याला साफसफाईची शिक्षा झाली होती. पुढे सहकारी खेळाडूंच्या मतांवर दिला जाणारा, माजी खेळाडू स्टेफान एडबर्गच्या नावाचा खिलाडूवृत्तीचा पुरस्कार त्यानं १३ वेळा घेतला. त्याच फेडररनं २००९ च्या अमेरिकन ओपन फायनलमध्ये पंचाला शिवी दिली आणि दंड भरला. ज्या मुलीला वाटतं की चॅम्पियनला राग येतच नाही, तिला स्वतःचा राग आला की आपण वाईट आहोत असं वाटू लागतं. म्हणून आदर्श माणसाचा ठेवण्यापेक्षा कृतीचा ठेवावा. अमक्यानं अमक्या दिवशी केलं ते मला आवडलं, इतकं नेमकं.

अशा कृती पुष्कळ आहेत, पण त्या सांगताना एक प्रामाणिकपणा पाळा. १९८२ ची फ्रेंच ओपन, सेमीफायनल. मॅट्स विलँडर १७ वर्षांचा. त्याच्या मॅच पॉइंटवर (जिंकला की सामना संपतो त्या पॉइंटवर) समोरच्या क्लेर्कचा शॉट आउट दिला गेला, पंचांनी सामना संपल्याचं पुकारलं. विलँडर म्हणाला, बॉल आत होता, पॉइंट पुन्हा खेळू. खेळले, तो जिंकला, दोन दिवसांनी विजेतेपदही मिळवलं. ही गोष्ट सगळे सांगतात. २००५, रोम: अँडी रॉडिकच्या मॅच पॉइंटवर व्हर्डास्कोची दुसरी सर्व्ह बाहेर दिली गेली. रॉडिकनं स्वतः ठसा दाखवला, सर्व्ह आत होती. पुढे तो ती मॅच हरला. २०२३ च्या अमेरिकन ओपनची पुरुष दुहेरीची फायनल, निर्णायक सेट: बॉल आपल्या हाताला घासून गेला हे पंचांना दिसलं नव्हतं, रोहन बोपण्णानं ते सांगितलं आणि पॉइंट दिला. तो आणि त्याचा जोडीदार एब्डन ती फायनल हरले. चार महिन्यांनी, बोपण्णाच्या वयाच्या ४३ व्या वर्षी, त्यांनी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, पण तो त्या पॉइंटचा मोबदला होता असं मुलीला सांगू नका. तिला हिशेब कळतो. ‘खरं बोललं की शेवटी जिंकतो’ हे तिला तिसऱ्या स्पर्धेत खोटं वाटेल आणि मग सगळंच खोटं वाटेल. बोपण्णा आणि रॉडिक यांना त्या दिवशी किंमत मोजावी लागली, आणि त्यांनी ती मोजली. तुमची मुलगी १३ व्या वर्षी हे समजू शकते. कदाचित तुमच्याआधी तिला ते समजलंय.

उलट बाजूही दाखवा. २०१७ मध्ये आपल्या सीसीआयच्या (क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या) कोर्टवर मुंबई ओपन जिंकून गेलेली अरीना सबालेंका पुढे जगात पहिली झाली. २०२५ च्या फ्रेंच ओपन फायनलमध्ये हरल्यावर ती विजेत्या कोको गॉफचं श्रेय कमी करणारं बोलली. टीका झाली, नंतर तिनं चूक मान्य करून गॉफची माफी मागितली. यातलं घेण्यासारखं काय, ते मुलीलाच ठरवू द्या.

आणखी एक फरक तिच्या लक्षात आणून द्या. मोठे खेळाडू ज्या कोर्टवर खेळतात तिथे पंच असतो, आता बहुतेक ठिकाणी यंत्रही. २०२५ पासून पुरुषांच्या एटीपी स्पर्धांत आणि विम्बल्डनमध्ये लाइनचे कॉल यंत्रच देतं. तिथे सचोटीची परीक्षा क्वचित होते. तुमच्या मुलीची दर पॉइंटला होते, कारण खेळाडू तीच आणि पंचही तीच. या बाबतीत ती पोस्टरवरच्या दोघांपेक्षा अवघड काम करते. त्यातून फ्रेंच ओपनला अजून लाइनवर माणसं असतात आणि पंच खुर्चीतून उतरून ठसा बघायला येतात. पॅरिसला सकाळी ११ ला खेळ सुरू होतो तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात, शाळेला सुट्टी असते. एखादी मॅच दोघं मिळून बघा, आणि बॉल चालू असतानाचं नको, पॉइंट संपल्यानंतरचं बघा: खेळाडू पंचाशी किती वाक्यं बोलतो, पाठ केव्हा फिरवतो, पुढचा पॉइंट कसा खेळतो.

शनिवारचं काय? खेळायचं की नाही हे तिला ठरवू द्या, पण त्याआधी लोकलमधलं तुमचं वाक्य मागे घ्या. ‘मी चुकीचं सांगितलं. तू तो बॉल आत धरलास ते बरोबर होतं. समोरून वाईट कॉल आला तर काय करायचं हे मी तुला कधी शिकवलंच नाही, ते आपण शिकू.’ याउपर भाषण नको. मग एखाद्या मैत्रिणीबरोबर पंचाशिवाय एक सेट खेळू दे, त्यात एकच काम: एकदा तरी मोठ्यानं ‘शुअर?’ विचारायचं. त्यानंतरही नाही म्हणाली तर स्पर्धेच्या फॅक्टशीटमध्ये (माहितीपत्रकात) नाव मागे घ्यायची मुदत बघा आणि मुदतीत मेल करा. न कळवता गैरहजर राहू नका, त्यानं समोरच्या मुलीची मॅच बुडते. खेळ बदलायचा विचार सध्या बाजूला ठेवा. ती टेनिसला कंटाळलेली नाही, गप्प राहण्याला कंटाळली आहे. कॅरम काय आणि बॅडमिंटन काय, तोंड उघडायला तिथेही लागतंच.

मॅच सुरू असताना तुम्ही बेसलाइनच्या मागे उभे राहू नका. बाजूला, नेटच्या जरा मागे बसा. तिथून लाइन नीट दिसत नाही, आणि ते बरंच आहे. हातवारे नकोत, ‘आउट होता!’ अशी आरोळी तर नकोच. रेफरीला बोलवायचं तिनं, तुम्ही नाही. तुम्ही बोलावलात की भीड तिथेच राहिली.

गेटवरचं राहिलं. ते वडील तुम्हाला पुढच्या दोन-तीन महिन्यांत कुठल्या तरी ड्रॉच्या फलकासमोर भेटणारच. मॅच सुरू व्हायच्या आधी त्यांना गाठा, नमस्कार करा आणि ‘त्या दिवशी मी बोललो ते चुकलं’ एवढंच म्हणा. ‘पण तुमच्या मुलीनं...’ हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. मुलगी ऐकतेय का हे बघायला मागे वळू नका. ते काही उलट बोलले तर बोलू द्या, आणि तिथून सरळ रेफरीच्या टेबलाशी जाऊन लेकीची मॅच कुठल्या कोर्टवर लागलीय ते बघा.